भाला हलका, घोडा हलका

त्र्यंबकेश्वराच्या देवळामागे ब्रह्मगिरीचा ताशीव कडा दिसतो. त्यावरच त्र्यंबकगड. त्या कड्यावर घोडा चढत नाही. मग घोडदळावर भिस्त ठेवणाऱ्या मराठ्यांनी असे गड घेतले आणि राखले कसे?

आधी जरा जग पाहू. तिसऱ्या ते सहाव्या शतकांत इराणचे सासानी आणि त्यांचे पाहून रोमन, दोघेही स्वाराला लोखंडाने मढवत गेले. अंगात चिलखत, घोड्यावर पाखर, हाती लांबलचक भाला. इ.स. 600 च्या सुमारास बायझंटाइन युद्धग्रंथात रिकिबीचाही उल्लेख येतो. पाय रोवायला आधार मिळाला आणि स्वाराची बैठक पक्की झाली. पण वजन वाढले की चारा वाढतो, चाल मंदावते. सह्याद्रीत हे परवडत नाही.

शिवाजी महाराजांनी नेमके उलट केले. घोडा काटक, सामान थोडके, तलवार आणि भाला. मनगटाला दोरी बांधलेला ‘विटा’ तर फेकून परत ओढता येई. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद. मला यातला नालबंद फार महत्त्वाचा वाटतो. खडकाळ वाटेवर नाल निसटला की घोडा लंगडतो, आणि लंगड्या घोड्याचा स्वार लढाईला निरुपयोगी. पावसाळ्यात सगळी पागा छावणीत, दाणागोटा आधीच साठवलेला. दसरा झाला की मुलूखगिरी.

ऑक्टोबर 1670 मध्ये ही पद्धत नाशिक प्रांतात कसाला लागली. सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज परतत होते. वणी-दिंडोरीजवळ मुघल सरदार दाऊदखानाने त्यांना गाठले. त्याच्या आघाडीवरच्या इखलासखानाने मागच्या फौजेची वाट न पाहता हल्ला चढवला. मराठ्यांनी एका जागी उभे राहून मार खाल्ला नाही. पांगायचे, बाजूने वळसा घालायचे, पुन्हा तुटून पडायचे. इखलासखान जखमी होऊन घोड्यावरून पडला, आणि लूट सुखरूप पुढे गेली.

त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी त्र्यंबकगड घेतला. कडा चढणे हे मावळ्यांच्या पायदळाचे काम. घोडदळाचे काम खाली मैदानात: वेढा घालणाऱ्याची रसद तोडायची, कुमक अडवायची, गडावर दाणा पोचवायचा. दोघांपैकी एक नसला तर दुसरा अर्धाच.

एप्रिल 1818 मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे त्र्यंबकगड पडला. पेशव्यांचे उरलेसुरले घोडदळ तेव्हा दूर विदर्भात इंग्रजांपुढे पळत होते.