गुरुत्वलहरींचे फोल्डर

गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणार, हे हिंगोली जिल्ह्यात आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. गुरुत्वलहरींचा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितला गेला आणि आठवड्याच्या आत, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. पुढे सात वर्षे गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात पसरलेल्या दोन नळ्या, आत जवळजवळ निर्वात पोकळी आणि तीतून ये-जा करणारा लेसर, हे वर्णनही बहुतेकांनी वाचलेले असते. या यंत्रातून रोज बाहेर काय पडणार, ते कुठे ठेवले जाणार आणि ते कोणाला उघडता येणार, याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

बाहेर पडणार आहेत फाइली. लायगोच्या अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळा, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, मुख्य संकेताची नोंद दर सेकंदाला १६,३८४ वेळा करतात. खुला डेटा ४,०९६ सेकंदांच्या तुकड्यांत मिळतो, म्हणजे एका तुकड्यात ६ कोटी ७१ लाखांहून अधिक आकडे. एका आकड्याला आठ बाइट धरले, तर एक तुकडा साधारण अर्ध्या जीबीचा होतो आणि एका वेधशाळेचे एक वर्ष ४ टीबीच्या पुढे जाते. हा हिशेब फक्त मुख्य संकेताचा. जमिनीची थरथर, वारा, तापमान, आरशांची हालचाल अशा दोन लाखांहून अधिक वाहिन्यांवर जे नोंदले जाते, ते वेगळेच.

एवढा डेटा कोणी पेनड्राइव्हवर घेऊन फिरत नाही. तो संशोधकाच्या संगणकावर ‘माउंट’ केला जातो. लिनक्ससारख्या कार्यप्रणालीतली ही क्रिया जुनी आहे. १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येही ती होती. तिचे नाव यंत्रणा सांभाळणाऱ्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, पण दूरचा डेटा आणि आपला संगणक यांची गाठ तिथेच पडते.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरे मिळतात. लिनक्समध्ये अशी वेगवेगळी अक्षरे नसतात. सगळ्या फाइलींचे एकच झाड असते आणि त्याच्या मुळाला एका तिरप्या रेघेने ओळखतात. नवी डिस्क जोडली की ती या झाडाच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवायची. हे बसवणे म्हणजे माउंट करणे आणि ते फोल्डर म्हणजे माउंट पॉइंट. एकदा बसवली की वापरणाऱ्याला फक्त फोल्डर दिसते. त्यामागे त्याच संगणकाची डिस्क आहे, शेजारच्या खोलीतला सर्व्हर आहे की सातासमुद्रापलीकडचा साठा, हे त्याच्या प्रोग्रामला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. लायगोचे सगळे गणित या सोयीवर चालते. पुण्यात लिहिलेला प्रोग्राम अमेरिकेत एक ओळही न बदलता चालतो, कारण दोन्हीकडे फाइलीचा पत्ता एकच असतो.

काय कुठे बसवायचे, याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. दर डिस्कमागे एक ओळ आणि ओळीत सहा रकाने: डिस्क कोणती, कोणत्या फोल्डरवर, फाइल सिस्टिमचा प्रकार कोणता, कोणत्या अटींवर आणि शेवटचे दोन आकडे जुन्या पद्धतीचा बॅकअप व सुरू होतानाची तपासणी यांसाठी. पहिल्या रकान्यात डिस्कचे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असे नाव लिहिता येते, पण लिहू नये. डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की ही नावेही बदलतात आणि कालची ‘बी’ आज ‘सी’ होते. त्याऐवजी फाइल सिस्टिम तयार होतानाच तिला मिळालेला यूयूआयडी हा लांबलचक ओळखक्रमांक लिहावा. केबल दुसऱ्या खाचेत लावली तरी तो तोच राहतो.

खरे महत्त्व चौथ्या, अटींच्या रकान्याला आहे. फक्त वाचायचे की लिहूही द्यायचे, इथल्या फाइली प्रोग्राम म्हणून चालवू द्यायच्या की नाही, हे सगळे तिथे ठरते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दर सत्राला नव्या हातांत जाणाऱ्या संगणकावर या अटी विचारपूर्वक लिहिल्या, तर निम्मी डोकेदुखी टळते. ‘नोफेल’ ही त्यातली एक लहानशी अट. ती नसेल आणि यादीतली बाहेरची डिस्क जोडलेली नसेल, तर आजचे बहुतेक लिनक्स संगणक सुरू होताना दीड मिनिट वाट बघतात आणि मग दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, संगणकच गेला. प्रत्यक्षात कमी असतो तो एक शब्द.

डिस्क नेटवर्कपलीकडे असली की गोष्ट अवघड होते. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने बनवलेली एनएफएस ही पद्धत आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. एका इमारतीत ती उत्तम चालते. पण तिच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हरशी संपर्क तुटला की फाइल वाचणारा प्रोग्राम जिथल्या तिथे अडकून पडतो आणि सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहतो. अर्धवट डेटा खरा मानून पुढे जाण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. मात्र खंडांपलीकडून, शेकडो संगणकांवर, मध्येच तुटणाऱ्या जोडणीवर फाइली वाचायच्या असतील, तर ही पद्धत पुरत नाही.

हा पेच आधी सोडवला तो जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने. महाकाय कणवेगवर्धकाचे सॉफ्टवेअर जगभरच्या संगणकांवर एकसारखे पोचवायचे होते. त्यासाठी तिथे सीव्हीएमएफएस, म्हणजे सर्न-व्हीएम फाइल सिस्टिम, तयार झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संगणकही सर्नच्या या जाळ्यात आहेत. पुढे हीच सोय गुरुत्वलहरींच्या संशोधकांनी उचलली. नेब्रास्का विद्यापीठातल्या साठ्यातून लायगोचा डेटा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या संगणकांवर याच मार्गाने वाचला गेला.

सीव्हीएमएफएसचे काम सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यासारखे आहे. धरण शेतात आणावे लागत नाही. आपल्या चारीचे दार उघडले की लागेल तेवढे पाणी येते. सीव्हीएमएफएस माउंट झाल्यावर हजारो फाइलींची यादी फोल्डरमध्ये दिसते, पण त्यातली एकही तुमच्या डिस्कवर आलेली नसते. प्रोग्राम जी फाइल उघडतो तेवढीच मागवली जाते आणि स्थानिक कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवली जाते. तीच दुसऱ्यांदा उघडली तर इंटरनेटला हात लावावा लागत नाही. आधी ठरवून दिलेली कॅशेची मर्यादा सुमारे ४ जीबी असते. ती भरली की बराच काळ न वापरलेल्या फाइली आपोआप काढल्या जातात.

माउंट करण्याचे कामही आपोआप होते. त्यासाठी ‘ऑटोएफएस’ हा सेवक पार्श्वभूमीत जागा असतो. त्या फोल्डरमध्ये कोणी पाऊल टाकले की तो फाइल सिस्टिम बसवतो आणि बराच वेळ कोणी फिरकले नाही की उतरवतो. त्यामुळे सकाळी वीज येऊन संगणक सुरू झाला आणि इंटरनेट अजून आलेले नसले, तरी सुरू होण्यात अडथळा येत नाही.

सीव्हीएमएफएसच्या दोन अटी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे ती केवळ वाचनासाठी आहे. प्रयोगशाळेतल्या कोणाच्याही हातून मूळ डेटा खोडला जाण्याची भीतीच उरत नाही. दुसरी अशी की फाइलीची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने होते आणि या ठशांच्या यादीवर डिजिटल सही असते. वाटेत कोणी एक आकडा जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही आणि फाइल नाकारली जाते. हिंगोलीत उघडलेली फाइल आणि कॅलिफोर्नियात उघडलेली फाइल अक्षर न अक्षर सारखी आहे, याची हमी यंत्रच देते. विज्ञानात एवढी हमी मिळणे ही लहान गोष्ट नाही.

मांडणी करायला लागते ते थोडकेच. लिनक्सवर सीव्हीएमएफएसचे पॅकेज बसवायचे, ऑटोएफएसशी त्याची जोडणी करणारी एक आज्ञा द्यायची आणि ‘डिफॉल्ट डॉट लोकल’ या फाइलीत तीन ओळी लिहायच्या: कोणते साठे हवेत, प्रॉक्सी म्हणजे मधला सर्व्हर कोणता आणि कॅशे किती. एकट्या संगणकाला प्रॉक्सीशिवायही चालते. संगणकांची रांग असलेल्या प्रयोगशाळेत मात्र एका जुन्या संगणकावर ‘स्क्विड’ हा मोफत प्रॉक्सी जरूर बसवावा. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची फाइल पहिल्या विद्यार्थ्यासाठी बाहेरून आली, की बाकीच्यांना ती त्याच खोलीतून मिळते. डेटाच्या मोठ्या फाइली बहुतेक वेळा निराळ्या साठ्यांतून थेट येतात. तिथे कॅशेची मर्यादा वाढवून ठेवणे उपयोगी पडते. इंटरनेट बेताचे असलेल्या गावात ही काळजी घेतली तरच तास पुरा होतो. शेवटी ‘प्रोब’ आज्ञा देऊन साठा दिसतो का ते बघायचे. उत्तर ‘ओके’ आले की झाले.

गुरुत्वलहरींच्या क्षेत्रात मराठी मुलुख आज नव्याने उतरतो आहे असे नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लायगोला पहिली लहर सापडण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीपासून, गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत नमुन्यांशी ताडून शोधण्याचे गणित विकसित केले. संकेत कसा असू शकेल याचे असंख्य नमुने आधी तयार ठेवायचे आणि येणाऱ्या डेटावरून एकेक सरकवून बघायचा, ही ती रीत. आयुकातला ‘सारथी’ हा संगणकसमूह लायगोच्या गणनजाळ्याचा भाग आहे. नमुने सरकवायचे म्हणजे त्याच फाइली पुन्हा पुन्हा वाचायच्या, म्हणून डेटा जवळ आणि भरवशाचा असावा लागतो.

ताज्या नोंदी काही काळ फक्त सहभागी संशोधकांना मिळतात. त्यांचे साठे माउंट करताना ओळखपत्र तपासले जाते. ठराविक मुदतीनंतर त्या सर्वांसाठी खुल्या होतात. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर हे काम पाहते आणि तिथला खुला साठा माउंट करायला कोणाचीही परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत. वसमत, कळमनुरी किंवा सेनगावच्या विज्ञान महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला वेधशाळा पूर्ण होण्याची वाट बघत बसायचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याने या प्रकल्पाला जागा दिली आहे. त्या जागेवर येणारे शास्त्रज्ञ बाहेरचे आणि राखणदार तेवढे इथले, असे होऊ नये असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मोठ्या योजनेची वाट बघावी लागत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला लिनक्सची फाइल सिस्टिम शिकवतातच; तिथे पेनड्राइव्ह माउंट करून तास संपवण्याऐवजी लायगोचा साठा माउंट करावा.

पहिला पाठ कोणता घ्यावा, हेही सांगतो. साठ्यात पहिल्या निरीक्षणफेरीच्या फोल्डरमध्ये जायचे. फाइलीच्या नावातच वेधशाळेचे आद्याक्षर, सुरुवातीचा जीपीएस सेकंद आणि लांबी लिहिलेली असते. हे सेकंद ६ जानेवारी १९८०पासून मोजतात. १४ सप्टेंबर २०१५च्या घटनेचा सेकंद आहे ११२६२५९४६२. तो ज्या तुकड्यात येतो तो हॅनफर्डचा आणि लिव्हिंग्स्टनचा, असे दोन्ही तुकडे पायथनमध्ये उघडायचे. सरळ आलेख काढला तर नुसता गोंगाट दिसेल. मग ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरची कंपने गाळायची, विजेच्या तारांतून येणारी ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची रेघ पुसायची. आता त्या सेकंदाभोवतीचा जेमतेम पाव सेकंद मोठा करून बघायचा. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सव्वाशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली, त्यांची वाढत्या वेगाची लहर आलेखात उमटलेली दिसेल: आधी लिव्हिंग्स्टनला, आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.