डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न

दहावी-बारावीच्या वयाची मुले डॉक्टरांकडे येतात ती डोकेदुखीची, पोटदुखीची, झोप न लागण्याची तक्रार घेऊन. जगणे नकोसे झाले आहे, असे त्यांच्यातील क्वचितच कोणी आपण होऊन सांगते. शेजारी आई बसलेली असते आणि बहुधा उत्तरेही तीच देते. तिला पाच मिनिटे बाहेर बसवून ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मुलाला सरळ विचारणे, हे घरच्या डॉक्टरांचे कर्तव्यच होय. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या कलम ३०९ मुळे या विषयाभोवती पोलिसांची धास्ती होती. ती समजण्याजोगीही होती. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्या कलमाची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते उरलेच नाही.

उत्तर होकारार्थी आल्यास गुप्ततेचा बाऊ नको. मुलाला सांगूनच आईवडिलांना विश्वासात घ्यावे, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेववावीत, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तज्ज्ञ दूर असल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. आठवड्याने मुलाला पुन्हा बोलवावे. तो आला नाही, तर निरोप धाडावा.