आयन, केंड मासा आणि छापलेलं हृदय

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून शेजारी आहे. त्यामुळे चिंचणी-बोईसर पट्ट्यात ‘आयन’ म्हटलं की किरणोत्सर्ग आठवणं साहजिकच. पण आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू, एवढंच. मिठागरातलं मीठ पाण्यात विरघळलं की सुटतात ते सोडियम आणि क्लोराइडचे आयनच. किरणोत्सर्गाने आयन तयार होतात हे खरं, पण तेवढ्यावरून आयन किरणोत्सर्गी ठरत नाहीत. आपल्या पेशींच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म छिद्रं असतात. ती उघडली की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन आत-बाहेर करतात. याच आयन वाहिन्या. हृदयाचा ठोका, हाताची हालचाल, वेदनेची जाणीव, सगळं त्यांच्यावर चालतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी या वाहिन्यांशी जोडलेला एक गैरसमज जिवावर बेतणारा आहे. जाळ्यात आलेला केंड साफ करून नीट शिजवला की विष जातं, असं समजू नये. केंडाच्या अनेक जातींच्या यकृतात, गाबोळीत, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते मज्जातंतूंतल्या सोडियम वाहिनीचं तोंडच बंद करतं. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. उकळून किंवा तळून हे विष नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा अजून नाही. रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून विष शरीराबाहेर जाईपर्यंत जगवावं लागतं. म्हणून केंड खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

‘फळमाश्यांवर संशोधन करून माणसाला काय मिळणार?’ हा प्रश्नही नेहमी ऐकू येतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२मध्ये आलेले ओबेद सिद्दिकी मूळचे बुरशीच्या आनुवंशिकीतले. पुढे ते माश्यांच्या मज्जासंस्थेकडे वळले. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा उडू लागणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंवर त्यांनी सेमूर बेंझर यांच्यासह १९७६मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांतल्या एका प्रकारच्या माश्यांचा बिघडलेला जनुक सोडियम वाहिनीचा निघाला, हे पुढे इतरांनी दाखवलं. केंडाचं विष ज्यावर घाव घालतं, तीच ही वाहिनी. विषय बदलणारा शास्त्रज्ञ भरकटला असं मानणाऱ्यांनी सिद्दिकींची वाटचाल जरूर पाहावी. बुरशीवर बसलेली आनुवंशिकीची शिस्तच त्यांना माश्यांवर काम करताना उपयोगी पडली.

आता जैवमुद्रण. यंत्रातून मूत्रपिंड छापून माणसाला बसवतात, ही समजूत खोटी आहे. जिवंत पेशी आणि जेल यांचं मिश्रण थरावर थर देऊन ऊतीचा आकार घडवता येतो, हे खरं. चिंचणीच्या डायमेकिंगमध्ये डाय अचूक कोरली की सोन्याच्या पत्र्यावर नक्षी हुबेहूब उमटते. ऊतीचं तसं नाही. आकार जमला तरी रक्तवाहिन्या नसतील तर जाड ऊतीच्या आतल्या पेशी प्राणवायूविना मरतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी आणि सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) यांच्या संशोधकांनी रक्तवाहिन्या नसलेला डोळ्याचा पारपटल निवडला. छापलेला पारपटल सशाच्या डोळ्यात बसवल्याचं त्यांनी २०२२मध्ये जाहीर केलं. सशाच्या, माणसाच्या नव्हे. बातम्या वाचताना हा फरक निसटतो.

मग आज याचा उपयोग काय? औषधांची पारख, आणि आयन वाहिन्या व जैवमुद्रण एकत्र येतात ते इथेच. टर्फेनाडीन हे ॲलर्जीचं औषध बाजारातून काढावं लागलं, कारण ते काही रुग्णांत हृदयातली एक पोटॅशियम वाहिनी अडवून ठोका बिघडवत होतं. असा धोका मानवी पेशींच्या छापलेल्या हृदय-ऊतीवर आधीच पकडता आला तर कितीतरी जीव वाचतील. भारताने २०२३मध्ये नव्या औषधांच्या नियमांत मानवी पेशींवर आधारित चाचण्यांना जागा दिली. तारापूर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांत काम करू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींनी हे क्षेत्र आपलं मानायला हरकत नाही. अडचण मात्र अजून आहे. अशा ऊतीसाठी स्टेम पेशींपासून घडवलेल्या हृदयपेशी गर्भातल्या हृदयासारख्या अपक्व राहतात. प्रौढ हृदयपेशीला दोन ठोक्यांमध्ये स्थिर ठेवणारी एक पोटॅशियम वाहिनी त्यांच्यात फार कमी असते. ती वाढवायची कशी, हा सध्याच्या संशोधनातला मोठा प्रश्न आहे.