दख्खन ट्रॅपमधील झिओलाइट आणि सहखनिजे

दख्खन ट्रॅपमधील झिओलाइट आणि सहखनिजे ही महाराष्ट्राच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांमध्ये आढळणारी सुस्फटिकित खनिजे होत. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट व मॉर्डेनाइट ही त्यांतील झिओलाइट गटाची प्रमुख खनिजे असून ॲपोफायलाइट, ओकेनाइट, प्रेह्नाइट, कॅव्हान्साइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झ (गारगोटी) ही खनिजे त्यांच्यासोबत सापडतात. आकार, रंग व चमक यांमुळे या नमुन्यांना जगभरातील संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत स्थान मिळाले आहे.

नाव व रचना

स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेडरिक क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये झिओलाइट हे नाव दिले. तापविल्यावर या खनिजातून पाणी बाहेर पडून ते उकळल्यासारखे दिसते, म्हणून ‘उकळणे’ व ‘दगड’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव बनविण्यात आले. झिओलाइटमध्ये सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा असतो. त्यातील सूक्ष्म पोकळ्यांत पाण्याचे रेणू आणि सोडियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंचे आयन असतात. सांगाडा न मोडता पाणी बाहेर जाऊ शकते व परत शोषले जाऊ शकते; आयनांची अदलाबदलही होते.

निर्मिती

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पडले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यात सिलिका, कॅल्शियम व इतर घटक विरघळले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपाने साचले. अनेक पोकळ्यांत हे निक्षेपण टप्प्याटप्प्याने झालेले दिसते: भिंतीलगत हिरवट मृद्‌खनिजांचा पातळ थर, त्यावर गारगोटी किंवा कॅल्सेडोनी आणि त्यावर झिओलाइट व ॲपोफायलाइट. ॲपोफायलाइटच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून काही स्फटिक मूळ बेसाल्टपेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण असल्याचे दिसून आले आहे. पोकळी पूर्ण भरली, तर स्फटिकांना वाढण्यास जागा उरत नाही. म्हणून रेखीव स्फटिक अर्धवट रिकाम्या पोकळ्यांतच मिळतात.

प्रमुख खनिजे

स्टिल्बाइट : फिकट गुलाबी, पिवळसर किंवा पांढरे. मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे स्फटिकसमूह हे त्याचे वैशिष्ट्य होय. कठिनता ३.५ ते ४.

स्कोलेसाइट : रंगहीन किंवा पांढऱ्या सुयांचे अरीय (केंद्रापासून पसरणारे) झुबके. कठिनता ५ ते ५.५.

ॲपोफायलाइट : हे झिओलाइट नसून स्तरित सिलिकेट आहे. स्फटिक चतुष्कोणीय, रंगहीन ते हिरवे. हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. एका दिशेने ते सहज पापुद्र्यांत सुटते आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते.

ओकेनाइट : कापसाच्या गोळ्यांसारखे दिसणारे अतिशय नाजूक पांढरे तंतू. हेही झिओलाइट नाही.

कॅव्हान्साइट : गडद निळे, दुर्मिळ खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन या घटकांच्या नावांवरून त्याचे नाव पडले. त्याचा शोध अमेरिकेतील ओरेगन राज्यात लागला. मात्र सर्वोत्तम नमुने पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतून मिळाले आहेत.

आढळ

पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे तसेच मुंबई परिसर या खनिजांसाठी प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातील लोहमार्गासाठी खडक फोडताना उत्तम नमुने मिळाले. आज बहुतेक नमुने खडी व बांधकामाच्या दगडासाठी चालणाऱ्या खाणींत, तसेच विहिरी व रस्ते खोदताना सापडतात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.

उपयोग

दख्खनमधील सुंदर स्फटिकांचे महत्त्व मुख्यतः अभ्यास व संग्रहापुरते आहे. उद्योगात प्रामुख्याने कृत्रिम झिओलाइट वापरले जाते. कपडे धुण्याच्या पावडरीत ते पाण्याचा जडपणा कमी करते, खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून काम करते, तर वैद्यकीय ऑक्सिजन सांद्रक यंत्रात हवेतील नायट्रोजन शोषून घेते. स्फटिक जवळ बाळगल्याने रोग बरे होतात, या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही.

जतन

खाणीतील सुरुंग व खडी यंत्रे यांत असंख्य स्फटिक नष्ट होतात. जे वाचतात ते बहुधा कामगारांच्या नजरेस पडल्यामुळेच. शहरे वाढली की जुन्या खाणी बुजविल्या जातात आणि तेथील पोकळ्या पुन्हा पाहता येत नाहीत. त्यामुळे नमुन्यासोबत गाव, खाण व सापडल्याची तारीख यांची नोंद आवश्यक ठरते. ही नोंद हरवलेला नमुना शोभेची वस्तू म्हणून टिकतो, परंतु त्याचे शास्त्रीय मूल्य बरेच कमी होते. बाजारात रंगविलेले ओकेनाइट आणि डिंकाने जोडलेले स्फटिकही विकले जातात. आम्लाने धुतल्यास अनेक झिओलाइटांची हानी होते. लोमोंटाइट हे झिओलाइट तर कोरड्या हवेत पाणी गमावून हळूहळू भुगा होते.