मनाची भरती-ओहोटी आणि आईबापांची पायपीट

बालाघाट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातली डोंगररांग उभी राहते. आम्हांस येथे अभिप्रेत आहे तो वैनगंगेच्या काठचा, मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे आणि कान्हाचे अरण्य ही त्याची जगाला असलेली ओळख. गोंदियापासून बालाघाट शहर अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर. तेथल्या कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते, मुली विदर्भात दिल्या जातात आणि विदर्भातून सुना आणल्या जातात. १९५६ पर्यंत ह्या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाटची राजधानी भोपाळ झाली. नकाशावरची ती रेषा आखणाऱ्यांच्या मनात हजार प्रश्न असतील. पण मनाने आजारी असलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या आईबापांनी कोठे जायचे, हा प्रश्न त्यांत नसावा.

अशा एका घराची आपण कल्पना करू. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. आजवर शांत, अभ्यासात बरा. एके दिवशी त्याची झोप उडते. रात्री दोन तास झोपूनही तो सकाळी ताजातवाना. बोलणे थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या. आपण मोठा कारखाना काढणार, मंत्र्यांना पत्र लिहिणार, असे बेत. शेजाऱ्यांना पैसे वाटून येतो. कोणी अडवले तर अंगावर धावून जातो. काही आठवड्यांनी हाच मुलगा अंथरुणाला खिळतो. जेवत नाही, आंघोळ करीत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि एखाद्या संध्याकाळी आईला विचारतो, 'मी नसलो तर तुमचे बरे होईल ना?' ह्या वाक्याने ज्या आईच्या काळजाचे पाणी झाले तिला पुढचा रस्ता कोणी दाखवायचा?

ह्या विकाराला आज डॉक्टर बायपोलर म्हणतात. आमच्या पिढीने उन्माद-विषाद हे नाव ऐकले होते. हा काही नव्या युगाचा, शहरी चोचल्यांचा रोग नव्हे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्माद आणि विषाद ही एकाच विकाराची दोन टोके असल्याचे मांडले. १९४९ साली जॉन केड ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी लिथियमच्या साध्या क्षाराने उन्माद शमतो हे दाखवून दिले आणि पुढे डेन्मार्कच्या मोगन्स शौ ह्यांनी पद्धतशीर चाचण्यांनी ते सिद्ध केले. पाऊणशे वर्षे होऊन गेली तरी लिथियम हे ह्या विकारावरील प्रमुख औषधांत गणले जाते. आत्महत्येचा धोका ते कमी करते, ही त्याची सर्वांत मोठी पुण्याई. म्हणजे औषध आहे, ते महागही नाही. मग अडते कोठे?

पहिली अडचण घरातच आहे. उन्मादाच्या चढत्या पायरीवरचा मुलगा आरंभी हुशार, उत्साही, धडाडीचा भासतो आणि आपण त्याचे कौतुक करतो. विषादात बुडालेला मुलगा आळशी, कामचुकार वाटतो आणि आपण त्याला बोल लावतो. दोन्ही वेळा चुकतो ते आपणच. किशोरवय मुळात चंचल असते आणि प्रत्येक रुसव्यात रोग शोधू नये, हे खरे. परंतु झोप कमी होऊनही थकवा नाही, अशी अवस्था आठवडाभर टिकली, अथवा दोन आठवडे सलग मुलगा कशातच रमला नाही, तर तो स्वभाव नव्हे. तेथे डॉक्टरांना गाठावयास हवे. विषादाच्या काळात केवळ नैराश्यावरची गोळी परस्पर सुरू केली तर ती उन्मादाकडे ढकलू शकते; म्हणून 'मागे एकदा पोर फार उड्या मारीत होते' ही गोष्ट लाजेखातर लपवू नये, डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दुसरी अडचण समाजात आहे. बाहेरची बाधा, कोणाची नजर, देवाचा कोप असे निदान आधी होते आणि डॉक्टरांची पाळी शेवटी येते. देवावरच्या श्रद्धेला आमचा आक्षेप नाही. देवळाच्या पायरीवर आईला धीर मिळत असेल तर तो तिने जरूर घ्यावा. पण गाऱ्हाणे घालून औषध बंद करणे ही श्रद्धा नव्हे. २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याच्या परिसरातील आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचे आप्तच होते. आणि ते दुष्ट नव्हते, हतबल होते. हा दोष कोणा एका धर्माचाही नाही. सर्व धर्मांचे लोक तेथे येत होते. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा आपल्याकडचा सल्ला त्याच हतबलतेचे सोज्ज्वळ रूप आहे. त्यात एकाऐवजी दोन जीव होरपळतात. ज्या गोमंतकाने आबे फारियासारखा पुत्र जगाला दिला, संमोहनाचे कारण कोणा बाह्य शक्तीत नसून माणसाच्या मनातच असते हे ज्याने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितले, त्याच्या पणजीतल्या पुतळ्यासमोरून जाणाऱ्या आपण तरी मनाच्या आजाराला बाहेर कारण शोधू नये.

अशा मुलाचे पालकत्व म्हणजे दीर्घ पल्ल्याची नौका. भरती-ओहोटीची तिथी आमच्या मच्छीमाराला तोंडपाठ असते. ह्या विकाराची तिथी कोणत्याही पंचांगात नाही. तरीही चिन्हे असतात. झोप, भूक, बोलण्याचा वेग आणि खर्च यांची साध्या वहीत रोज दोन ओळींची नोंद ठेवली तर दोन-तीन लाटांनंतर घरच्यांना आगाऊ अंदाज येऊ लागतो. झोप ही सर्वांत महत्त्वाची. आमच्या किनाऱ्यावर दशावतार, जत्रा आणि चतुर्थीची भजने रात्र जागवतात. आजारी मुलाला त्यांतून वगळू नये, पण मध्यरात्रीपूर्वी घरी आणावे. एका जागरणाने उन्माद जागा होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये आणि अळणीही जेवू नये. अंगातले पाणी व मीठ घटले की औषधाचे रक्तातले प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत मजल जाते. बालाघाटच्या वैशाखात जे खरे, तेच आमच्या घामट मे महिन्यातही खरे. जुलाब-उलट्या झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या कित्येक गोळ्याही हे प्रमाण वाढवतात. दुकानातून परस्पर आणू नयेत. रक्तातील लिथियम, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांची तपासणी ठरल्या वेळी करावी. मुलगी असेल तर कोणते औषध पुढे गर्भाला घातक ठरू शकते, हे आरंभीच विचारून ठेवावे.

आणि बोलावे कसे? उन्मादात वाद घालू नये. आवाज खाली, वाक्ये छोटी, पैसे आणि गाडीची किल्ली हाताशी नको. विषादात उपदेश नको, सोबत हवी. मरणाची भाषा निघाली तर 'असे बोलू नये' म्हणून तोंड दाबू नये. सरळ विचारावे, ऐकावे, एकटे सोडू नये आणि औषधांचा साठा आपल्या ताब्यात ठेवावा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. २०२२ पासून १४४१६ हा 'टेलिमानस'चा विनामूल्य दूरध्वनी रात्रंदिवस चालू आहे. तो प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा. घरात दुसरे मूल असते, तेही आपले आहे, हे थकलेल्या आईबापांनी विसरू नये.

येथवर आम्ही कुटुंबाला उपदेश केला. आता शासनाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ साली अमलात आला. त्याचे कलम १८ स्पष्ट सांगते की मनोरुग्णाला, त्यांत मुलेही आली, उपचारासाठी दूरचा प्रवास करावा लागू नये. सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ असावी, किमान प्रत्येक जिल्ह्यात असावी. हे शब्द घेऊन बालाघाटला जाऊ या. मध्य प्रदेशाची जुनी शासकीय मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे. दोन्ही पाचशे किलोमीटरांपलीकडे. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ, तरी दोनशे किलोमीटरांहून दूर. जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' उघडण्याचे पाऊल त्या राज्याने टाकले, ते स्वागतार्ह. पण अंथरुणावर हातपाय बांधावे लागतील की काय अशा अवस्थेतल्या मुलाला रात्री कोठे न्यायचे? रेल्वे, नाती आणि भाषा त्याला गोंदियाकडे आणि तेथून नागपूरला नेतात, जेथे १८६४ पासूनचे मनोरुग्णालय आहे. मात्र सरकारी सवलतींपैकी कित्येक राज्याच्या सीमेपाशी थबकतात.

हे दूरचे दुःख म्हणून आम्ही सांगत नाही. सिंधुदुर्गातला बाप मुलाला घेऊन आमच्या बांबोळीस येतो तेव्हा तोही अशीच रेषा ओलांडत असतो. गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावण्याचा निर्णय २०१८ च्या आरंभी झाला, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे उठलेला आक्रोश आमच्या वाचकांना आठवत असेल. राज्याच्या तिजोरीला मर्यादा असते हे आम्हांस मान्य आहे. पण सीमेवरच्या मनोरुग्णाचा खर्च दोन सरकारांनी आपसांत वाटून घ्यावा. त्याचा हिशेब रुग्णालयाच्या दारात, थरथरत्या मुलासमोर होऊ नये.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ह्या विकाराचे सुमारे सत्तर टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. पाऊणशे वर्षांपूर्वी सापडलेले औषध दहांतल्या सातांपर्यंत पोहोचत नाही, ही विज्ञानाची उणीव नव्हे, व्यवस्थेची आहे. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात लिथियमची गोळी आणि त्याची रक्ततपासणी अखंड उपलब्ध असावी. मानसिक आजार २०१६ च्या कायद्याने अपंगत्वांत गणला आहे. त्या आधारे शाळा-महाविद्यालयांनी आजारातल्या गैरहजेरीला आणि परीक्षेला सवलत द्यावी. आणि बालाघाट-गोंदिया, सिंधुदुर्ग-गोवा अशा लगतच्या जिल्ह्यांसाठी राज्याराज्यांत करार व्हावेत.

अशा मुलांच्या आईबापांचा अखेरचा प्रश्न नेहमी एकच असतो: आमच्यामागे ह्याचे काय? औषध, झोप आणि माया सांभाळली तर पुष्कळ मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. म्हणून ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर घरातच आहे. उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या, शिक्षकाच्या आणि सरकारच्या हाती आहे. आईबाप आपला अर्धा वाटा जीव पाखडून देत आहेत. उरलेल्या अर्ध्याचे देणेकरी आपण आहोत.