स्टॅम्प पेपरवरची फारकत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे घराघरांत पाठ आहे. म्हणूनच संसार मोडायची वेळ आली की पहिली धाव असते ती बैठकीकडे. मुलीचा मामा, मुलाचा काका, गावातली चार वजनदार माणसं जमतात. चहा होतो, आवाज चढतात, उतरतात आणि संध्याकाळपर्यंत स्टॅम्प पेपरवर कागद तयार होतो. ‘उभयतांचा आजपासून काही संबंध राहिला नाही. मुलीने पोटगीचा हक्क सोडला आहे. मुलगा वडिलांकडे राहील.’ खाली सह्या, नोटरीचा शिक्का. वर “सुटलीस बाई एकदाची” असा दिलासा!

आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात बसायला लागल्यापासून असे कागद मी पुष्कळ पाहिले. बायका ते प्लॅस्टिकच्या पिशवीत अगदी जपून आणतात. “ताई, माझी फारकत झालीय, फक्त पोराला भेटू देत नाहीत,” असं सांगतात. त्यांना पहिल्यांदा हेच सांगावं लागतं, की बाई गं, तुझी फारकत झालेलीच नाही!

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. या कायद्यानुसार घटस्फोट मिळतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्याने. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायदा त्याला जागा देतो. पण उद्या वाद झाला तर तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ते होत नाही. अशा कागदाच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न बेकायदा ठरतं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मग तो नवरा असो की बायको.

दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल, तर परस्पर संमतीचा सरळ रस्ता आहे. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं. समेटाची आशा उरलेली नसेल आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं ठरलेलं असेल, तर ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. शिवाय शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. बैठकीत रडत रडत सही करणाऱ्या मुलीला ही सवड कुठे मिळते?

आता कागदातल्या सर्वात जड ओळीकडे येऊ. ‘मुलगा वडिलांकडे राहील.’ ही ओळ लिहिताना सासरचे म्हणतात, “आमच्या वंशाचा दिवा आहे.” माहेरचे मुलीच्या कानात सांगतात, “पदरात पोर असलं तर तुझं पुढे कसं व्हायचं?” पोराला काय हवं, हे मात्र कुणी विचारत नाही. कायदा नेमकं तेच आधी विचारतो. ताब्याच्या वादात मुलाचं हित सगळ्यांत मोठं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असं १९५६ च्या कायद्यातच म्हटलं आहे. मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं ऐकू शकतात. “तू कमवत नाहीस, तुला कोर्ट पोर कसं देईल?” या धमकीलाही घाबरू नका. मूल आईकडे राहिलं तरी त्याच्या खर्चाची जबाबदारी बापावरून उतरत नाही. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाची पोटगी सुटत नाही. तो हक्क मुलाचा आहे.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं बाळ साडेतीन वर्षांचं होतं. आठ महिने तिने त्याला पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून तिला वकील मिळाले, कोर्टात अर्ज झाला आणि तात्पुरता ताबा तिला मिळाला. एक आड एक रविवार वडिलांनी भेटायचं, असंही ठरलं. पहिल्या रविवारी तिची आई म्हणाली, “पोराला मागच्या खोलीत बसव, झोपलाय म्हणून सांग.” मी तिथे होते. म्हटलं, “मावशी, जे तुमच्या लेकीने आठ महिने सोसलं, ते आता या लेकराला सोसायला लावू नका.” बाप दारात आला तेव्हा पोरगं धावत गेलं. मैत्रिणींनो, नवरा-बायकोचं नातं संपतं, आई-बापाचं संपत नाही. कोर्टाने ठरवलेली भेट टाळली तर आपलीच बाजू लंगडी पडते, ते वेगळंच.

कोर्टाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. घटस्फोटाचा अर्ज बायकोला ती राहते तिथल्या कोर्टातही करता येतो. ही सोय २००३ पासून आहे. घरात मारहाण, छळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहायची जागा, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. हा कायदा आणि मोफत वकील सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे, त्यांचे लग्नाचे कायदे वेगळे असले तरी.

तेव्हा घरात भांडी वाजायला लागली, की काही कागद एका पिशवीत घालून सुरक्षित जागी ठेवा. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या फीच्या पावत्या, दागिन्यांची यादी आणि सोनाराच्या पावत्या. नवऱ्याची पगाराची चिठ्ठी किंवा सातबाऱ्याचा उतारा मिळाला तर फारच उत्तम. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. “माझ्याकडे काही नाही” म्हणणाऱ्या माणसासमोर मग हेच कागद बोलतात.

बैठक वाईट नव्हे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाने सावरलेले संसारही मी पाहिलेत. पण तिथे जे ठरेल ते कोर्टाच्या हुकुमात उतरवून घ्या. मूल कुणाकडे, भेट कोणत्या वारी, दिवाळी-मेच्या सुट्टीत कुठे, शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, सगळं स्पष्ट लिहून. आणि तोवर कुणी कितीही घाई केली तरी एवढंच म्हणा, “कागद घरी नेते, वकिलांना दाखवते, मग सही करते.” विधी सेवेचा १५१०० हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुम्हाला नाही तर शेजारच्या लेकीला उपयोगी पडेल.