जुने रंधा-करवतीचे यंत्र पुन्हा चालू करताना



आपल्या नगर जिल्ह्यात पुष्कळ गावी सुताराच्या पडवीत, नाहीतर एखाद्या वाड्याच्या मागल्या पत्र्याखाली, बिडाचे एक जड यंत्र गंजत पडलेले दिसते. एकाच शाफ्टवर मध्ये रंधा, एका टोकाला गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला भोक पाडायचे गिरमिट. बैलगाडीची लाकडी चाके जाऊन टायर आले, कुळव-पाभर लोखंडाची झाली, तशी ही यंत्रे बाजूला पडली. पण कांदाचाळीच्या पट्ट्या, गोठ्याचे खांब, दाराच्या चौकटी, जू-शिवळा ही कामे काही संपलेली नाहीत. तेव्हा असे यंत्र भंगाराच्या भावात कुणी देत असेल, तर घ्यावे का? घ्यावे, पण पारखून घ्यावे. आणि रंग देण्याआधी त्याचा वेग तपासावा. सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो.

आधी पारख. हातोडीने बिडाला हलकेच ठोका मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, ती शोधा. टेबलाला किंवा बेअरिंगच्या घराला चीर असेल तर यंत्र सोडून द्या. बिडाला वेल्डिंग होते हे खरे, पण हजारो फेऱ्यांच्या धक्क्यात ते टिकेल याची खात्री कुणी देणार नाही. मग पट्टा काढून पात्यांचा रूळ हाताने वर-खाली हलवून पाहा. खुळखुळला तर बेअरिंग गेले. हे काही मोठे दुखणे नव्हे. पण रूळ चौकोनी असेल तर मात्र यंत्र घेऊच नका, फुकट मिळाले तरी. चौकोनी रुळात पात्याभोवती मोकळी जागा मोठी असते. हात घसरला तर तो आत ओढला जातो. गोल रुळातही इजा होते, पण हात इतका खोल जात नाही.

आता गंज. टेबलावर हँडग्राइंडर फिरवायचा मोह होतो, तो आवरा. टेबलाचा सपाटपणा हीच या यंत्राची खरी किंमत आहे. ग्राइंडरने पडलेला खड्डा भरून येत नाही. डिझेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या पात्याने खरवडा, मग बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. सुट्या लहान भागांसाठी घरचाच उपाय आहे. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मळी आपल्याकडे कुणाला अनोळखी नाही. जनावरांच्या खाद्यासाठी मिळते ती मळी, नाहीतर गुऱ्हाळावरची काकवी, एक भाग घेऊन नऊ भाग पाण्यात मिसळा. बोल्ट, पट्ट्या, हँडल त्यात बुडवून आठ-पंधरा दिवस ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बघत जा. गंज सुटून येतो. वास मात्र भारी सुटतो, तेव्हा पिंप घरापासून लांब ठेवा. बेअरिंग किंवा ॲल्युमिनियमचा, जस्ताचा भाग त्यात घालू नका. बाहेर काढले की धुऊन, उन्हात वाळवून लगेच तेल लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज. जुन्या रंगात शिसे असू शकते म्हणून तो कोरडा खरवडू नका. पाणी मारून, तोंडाला फडके बांधून खरवडा आणि पोरांना जवळ फिरकू देऊ नका.

बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०५ असेल तर ते २५ मिलिमीटर शाफ्टचे. तोच आकडा दुकानदाराला सांगा. नवे बेअरिंग शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेवून ठोका. बाहेरच्या कड्यावर घाव घातला तर नवे बेअरिंग जागीच खराब होते. ग्रीस ठासून भरू नका, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पुरे. शाफ्टच झिजला असेल तर नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडे न्या. ते काम घरी होत नाही.

आता मुद्द्याचे. ही यंत्रे पूर्वी जड चाकाच्या डिझेल इंजिनावर चालत. ते इंजिन मिनिटाला साडेसहाशे ते साडेआठशे फेरे घेई, म्हणून त्याला मोठी पुली असे. समजा इंजिन ८५० फेऱ्यांचे, त्याची पुली १४ इंची आणि यंत्राची ३ इंची. ८५० ला १४ ने गुणून ३ ने भागा. रूळ मिनिटाला सुमारे ३,९६७ फेरे घेतो, आणि ते बरोबर आहे. आता इंजिन गेले, मोटार आली. मोटार १,४४० फेऱ्यांची. पुली आहेच घरात, नवी कशाला घ्यायची, असे म्हणून तीच १४ इंची पुली मोटारीला बसवली, तर काय होईल? रूळ ६,७२० फेरे घेईल! वेग पावणेदोनपटीच्या आसपास गेला, पण पाते बाहेर फेकणारा जोर जवळजवळ तिप्पट झाला. बोल्ट तुटला तर पाते गोळीसारखे सुटेल. त्याच मोटारीला ८ इंची पुली लावा, फेरे ३,८४० होतात. मोटारीचे फेरे तिच्या पाटीवर लिहिलेले असतात, ते वाचून हिशेब कागदावर मांडा. करवतीच्या पात्यावरही जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा असतो. करवत त्याच शाफ्टवर फिरते, तेव्हा तो आकडा रुळाच्या फेऱ्यांपेक्षा मोठा हवा. आकडा नसलेली जुनी करवत लावू नका.

रंध्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची हवीत. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाहा. एक जड, एक हलके असले तर यंत्र थरथरते आणि नवे बेअरिंगही लवकर जाते. मागचे टेबल पात्याच्या धारेच्या बरोबरीत ठेवा आणि पुढचे जेवढे लाकूड काढायचे तेवढे खाली. त्यावर सरळ पट्टी ठेवून रूळ हाताने फिरवा. दोन्ही पात्यांनी पट्टीला नुसते चाटून जावे.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडच्या लाइटीची. शेतीपंपाला आपण ऑटो लावतो, रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. हा ऑटो या यंत्राला कधीही लावू नका! लाइट गेली म्हणून तुम्ही पात्यातली साल हाताने काढायला गेलात आणि तेवढ्यात लाइट आली, तर बोटे गेलीच म्हणून समजा. लाइट गेली की बंद होणारा आणि बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टर हवा. पात्याला हात लावण्याआधी मेन स्विच खाली ओढायचा, ही सवयच लावून घ्या. अर्थिंग पक्के करा. शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवता येत नाही, महावितरणकडून वेगळी जोडणी घ्या. लोकांचे ओंडके चिरून देण्याचा धंदा करायचा असेल तर वनखात्याचा परवाना लागतो, त्याची चौकशी आधी करा.

करवतीच्या मागे उभी पोलादी पट्टी असते, चिरलेले लाकूड दाबून करवतीला धरू नये म्हणून. पुष्कळ जुन्या यंत्रांची ही पट्टी हरवलेली असते. लोहाराकडून करून घ्या, करवतीच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि चिरेपेक्षा पातळ. ती नसली की लाकूड उसळून छातीवर येते. बांधावरची बाभूळ चिरताना आत तार-खिळा नाही ना, ते आधी बघा. फुटापेक्षा आखूड तुकडा रंध्यावर धरू नका. उपरणे, पदर, सोगा खोचून घ्या आणि हातमोजे काढून ठेवा, ते पात्यात अडकतात.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पात्याच्या रेषेत उभे राहू नका. लाकूड न लावता अर्धा तास चालू द्या. मग बंद करून, मेन स्विच ओढून बेअरिंगच्या घराला हात लावा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर ग्रीस जास्त झाले आहे किंवा पट्टा फार ताणला आहे. पात्याचे बोल्ट मधल्यापासून सुरू करून कडेपर्यंत पुन्हा एकदा आवळा, आणि दोन दिवस काम झाले की तेच परत करा.